धाकटीने खोली लावली

धाकटीचे गुडघे धड होते, कंबर धड होती, तरी तिला बसता येत नसे. या घरात ती धाकटी सून म्हणून आली आणि साठीला टेकली तरी सगळ्यांची धाकटीच राहिली. कचेरीत मात्र तिला भिंगरी म्हणत. एका मोठ्या कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये तिने एकतीस वर्षं काढली. छतापर्यंत लोखंडी मांडण्या, मांडण्यांवर फायली आणि फायलींमधून सरसर फिरणारी ही. कुणी चाळीस वर्षांपूर्वीचा कागद मागितला तर साहेबाचा चहा निवायच्या आत तो टेबलावर असे. याचं सगळं श्रेय ती सूचीला देई. फाईल हरवली तर सापडते, सूची हरवली तर सगळंच हरवलं, हे तिने नव्या कारकुनांना इतक्या वेळा ऐकवलं होतं की तिची पाठ वळली की ते तिच्याच आवाजात ते म्हणून दाखवत.

ती निवृत्त झाली आणि तिचे हाल सुरू झाले. नव्याचे नऊ दिवस बरे गेले. दहाव्या दिवशी तिने नवऱ्याचं कपाट लावलं. मग स्वयंपाकघरातल्या डब्यांवर चिठ्ठ्या डकवल्या, मग जिन्याखालच्या चपला, मग औषधांचा खोका. नवऱ्याला स्वतःचा चष्मा सापडेना, तेव्हा तो म्हणाला की आता मलाही एक नंबर दे आणि एखाद्या फळीवर ठेवून दे, म्हणजे निदान मी तरी सापडेन. तिला हसू आलं नाही. सकाळी अकरा वाजले, कचेरीत टपाल यायची वेळ झाली, की तिला बसवत नसे. ती उठे, गॅलरीत जाई, परत येई, पंखा लावी, बंद करी. तीन महिने झाले तरी हे थांबलं नव्हतं. शेजारीपाजारी म्हणत, सुटलात बाई, आता आराम. आरामाने माणूस असं कासावीस होतं हे तिलाही नवीनच होतं.

घरात आता एकच खोली लावायची राहिली होती, मागची. ती थोरलीची.

थोरली म्हणजे तिची जाऊ, तिच्याहून आठ-नऊ वर्षांनी मोठी. थोरले दीर जाऊन बरीच वर्षं झाली, लेक लग्न होऊन दुसऱ्या गावी, आणि थोरली सकाळ-संध्याकाळ मागच्या खोलीत मशीनपाशी. ब्लाउज, फ्रॉक, उश्यांचे अभ्रे, सगळं शिवायची, पण तिचा खरा हात गोधडीवर. टाके इतके एकसारखे की सुलटी बाजू कुठली हे तिलाच विचारावं लागे. याच बाईने धाकटीचा मुलगा वाढवला होता. धाकटी सकाळी नऊला पर्स उचलून निघे, आणि मुलाचं दूध, शाळा, गोवर, गृहपाठ सगळं त्या मशीनच्या खडखडाटात पार पडे. एकतीस वर्षं धाकटीचा डबा भरला तोही थोरलीनेच. धाकटीने हे कधी बोलून दाखवलं नव्हतं. घरच्या माणसांत असलं कोण बोलतं? पण निवृत्त होताना तिने मनाशी पक्कं केलं होतं की आता ताईंना बसवायचं, आता सगळं आपण करायचं. ताई काही बसायचं नाव घेत नव्हत्या.

त्या खोलीत पाऊल टाकायला जागा नव्हती. भिंतभर वेडेवाकडे खिळे आणि प्रत्येक खिळ्याला दोऱ्याचं रीळ: तांबड्याशेजारी करडं, त्याच्याखाली एकदम पिवळं. पलंगाखाली गाठोडी, टेबलाखाली गाठोडी, दाराआड गाठोडी. बिस्किटांचे पत्र्याचे डबे एकावर एक रचलेले, मोडक्या झिपांचा गुंता, वर्तमानपत्रातून कापलेले गळ्यांचे नमुने. आणि मशीन कुठे, तर सगळ्यांत अंधाऱ्या कोपऱ्यात. लावून देऊ का, असं धाकटीने दोनदा विचारलं. राहू दे गं, मला सापडतं, असं थोरली दोन्ही वेळा म्हणाली. मला सापडतं असं प्रत्येक पसारेवाला म्हणतो, हे धाकटीला कचेरीत एकतीस वर्षं काढून पुरतं कळलेलं होतं.

मग थोरलीची लेक आली आणि आईला दहा दिवसांसाठी स्वतःबरोबर घेऊन गेली. त्यांची रिक्षा कोपऱ्यावर वळते न वळते तोच इकडे धाकटीने पदर खोचला.

पहिल्यांदा तिने दिव्याचं बटण दाबलं. दिवा लागला नाही. बल्ब गेलेला होता, आणि त्यावरची धूळ बघता तो कालपरवा गेलेला नव्हता. अंधारात कशा बसतात या बाई, असं पुटपुटत तिने नवा बल्ब लावला आणि नवऱ्याला हाताशी घेऊन मशीन ओढत खिडकीशी आणलं. मग गाठोडी. प्रत्येक गाठोड्याला चिंधीची गाठ, कुठे एक, कुठे दोन, कुठे चक्क चार. सोडता सोडता तिच्या नखांचं वाटोळं झालं. आत एका गाठोड्यात सगळं सुती, पण रंग सतरा. दुसऱ्यात सगळं जाड, रंग पुन्हा सतरा. हे काही लावणं झालं? तिने सगळ्या चिंध्या जमिनीवर ओतल्या आणि रंगवार केल्या. एक मांडणी आणि पारदर्शक डबे आणले, डब्यांवर चिठ्ठ्या डकवल्या. अक्षर मोत्यासारखं.

रिळं निघाली पंचेचाळीस. जवळजवळ प्रत्येकाच्या दोऱ्याच्या टोकाला काहीतरी बांधलेलं होतं. शर्टाचं बटण, कोटाचं बटण, हूक, मणी, एकाला तर बॅगेच्या कुलपाची इवलीशी किल्ली. धाकटीला वाटलं ही ताईंची काटकसर, कुठल्या तरी कपड्याचं सुटलेलं बटण हरवू नये म्हणून जवळच्या दोऱ्याला अडकवलेलं. तिने कात्री घेतली आणि एकेक बटण कापून काचेच्या बरणीत टाकलं; बिनकुलपाची किल्ली तेवढी भंगारात गेली. टक्, टक्, टक्. तो आवाज तिला फार बरा वाटला. रिळं तिने खणाखणाच्या डब्यात फिक्याकडून गडदाकडे लावली, आणि शेवटी एक जाड वही घातली: खण, रंग, नग. भंगारवाला चार पोती घेऊन गेला. त्या दहा दिवसांत ती एकदाही उगाच गॅलरीत गेली नाही, आणि सकाळचे अकरा कधी वाजून गेले हे तिला कळलंही नाही.

थोरली परतली ती संध्याकाळी, जावयाच्या गाडीतून. धाकटीने तिला पायावर पाणी घ्यायचीही उसंत दिली नाही, हाताला धरून मागच्या खोलीच्या दारात नेलं, दिवा लावला आणि डब्यांची झाकणं उघडून उघडून दाखवायला लागली. थोरली दारातच थांबली. मग हात पुढे करून मांडणीच्या कडेवरून तिने बोटं फिरवली. मशीनच्या कोपऱ्याकडे वळली. तिथे आता घडीची खुर्ची होती. खुर्चीच्या पाठीवर तिने हात ठेवला आणि काढून घेतला.

"छान लावलीस," ती म्हणाली. "फार कष्ट घेतलेस गं." आणि पाय धुवायला गेली.

धाकटी रात्री खुशीत झोपली. पण दुसऱ्या दिवशी मशीनचा आवाज आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. थोरली न्हाऊन-खाऊन मागच्या खोलीत जाई, दार लोटून घेई आणि तासाभराने बाहेर येई, की कपाळावर घाम. कोपऱ्यावरच्या पाळणाघराच्या बारा लहान गोधड्या तिने घेतल्या होत्या, त्यांतल्या सात झाल्या होत्या. पाळणाघरवाल्या बाई विचारायला आल्या तर त्यांना तिने जरा उशीर होईल असं सांगितलं. थोरलीच्या तोंडून उशीर हा शब्द या घराने पहिल्यांदाच ऐकला.

धाकटीच्या जिवाची उलघाल सुरू झाली. ताई रागावल्या. रागावल्या असत्या तर बोलल्या असत्या. नाही, ताई रागावल्या की बोलत नाहीत, थोरले दीर असतानाही तसंच होतं. मग विचारावं का? विचारलं तर नाही म्हणतील. ती स्वयंपाकघरातून मागच्या दारापर्यंत जाई, कान देई, परत येई. पोळी करपली. दूध उतू गेलं. नवऱ्यापाशी बोलली, तर वर्तमानपत्रातून डोकं न काढता तो म्हणाला की तुझ्या हातून खोली आवरते तिथवर ठीक असतं, पण तू खोलीबरोबर माणूसही आवरतेस. तेवढं बोलून त्याने पान उलटलं. ती त्याच्यावर चिडली, कारण ते तिला पटलं होतं.

गुरुवारी जेवताना थोरलीने आपणहून विषय काढला. ती म्हणाली, वय झालं आता, पुरे झालं शिवण. मशीन देऊन टाकावं म्हणते. कोपऱ्यावरच्या टेलरमास्तरांना निरोप धाडला आहे, रविवारी येऊन बघून जातील. उरलेल्या पाच गोधड्या पाळणाघरवाल्या बाई दुसरीकडून करून घेतील. खोली तू घे, तुला हौस आहे.

धाकटीने हातातला घास ताटात ठेवला. निवृत्त झाल्यापासून तिला ताईंना बसवायचंच होतं की. आता ताई आपल्या पायांनी चालत येऊन बसत होत्या, तर हिलाच ते नको झालं. माझ्यामुळे का, असं तिने विचारलं. नाही गं, असं थोरली म्हणाली, आणि भाताचं भांडं चाचपत पुढे ओढलं. त्या चाचपण्याकडे धाकटीचं लक्ष गेलं नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो असा.

शुक्रवार असाच गेला. रविवार दोन दिवसांवर आला आणि शनिवारी सकाळी धाकटीला एक युक्ती सुचली. हात एकदा कामाला लागले की मन मागोमाग येतं, हा तिचा स्वतःचा अनुभव होता. तिने आपला डाळिंबी ब्लाउज काढला, स्वतःच्या हाताने बाहीची शिवण वीतभर उसवली आणि साळसूदपणे तो थोरलीपुढे धरला. एवढं घालून द्याल का, म्हणाली, दुपारी कचेरीतल्या बायका येणार आहेत. कोणी यायचं नव्हतं.

थोरली ब्लाउज घेऊन आत गेली. अर्ध्या तासाने बाहेर आली आणि घडी करून तो परत दिला. धाकटीने खोलीत जाऊन घडी उलगडली. टाके पूर्वीसारखेच, बारीक, सरळ, मोजून घालावेत तसे. आणि दोरा झगझगीत हिरवा.

धाकटीच्या अंगाचा तिळपापड झाला. सरळ सरळ टोमणाच होता तो. बोलायचं नाही, पण डाळिंबी ब्लाउजला पोपटी दोरा घालून हातात द्यायचा. एवढा राग असेल तर चार शब्द सुनवा ना मला, एक थोबाडीत द्या. पण हे असं? ती खोलीत येरझारा घालायला लागली. चार वेळा दारापर्यंत गेली, चार वेळा मागे फिरली. पाचव्या वेळी ब्लाउज मुठीत धरून तरातरा निघाली, मागच्या खोलीचं दार ढकललं आणि जागच्या जागी थबकली.

थोरली खिडकीतल्या लख्ख उजेडात खाली बसली होती. मांडीवर रिळांचा डबा. ती एकेक रीळ उचलत होती, दोऱ्याचं टोक शोधत होती, टोकावरून अंगठा फिरवत होती. तिथे काही लागलं नाही की दुसरं उचलत होती. दुसऱ्याचंही टोक चाचपलं. मग तिसरं. चौथ्या रिळापाशी ती थांबली, हात मांडीत ठेवले, आणि मान वर करून थेट धाकटीकडे बघितलं. दोघींमध्ये तीन पावलांचं अंतर होतं.

"कोण आहे?" थोरलीने विचारलं.

 धाकटीला भराभर सगळं दिसायला लागलं. धूळ बसलेला बल्ब, ज्याची कुणाला गरजच नव्हती. अंधारातलं मशीन. एक गाठ सुती, चार गाठी जाड. आणि पंचेचाळीस रिळं. ती बटणं हरवलेली नव्हती, मुद्दाम बांधलेली होती. हिरव्याला कुठलं, लालला कुठलं, सगळं ठरलेलं होतं. एकतीस वर्षं जिने कुणाला एक पान फाडू दिलं नाही, तिने घरातली सगळी सूची आपल्या हाताने कात्रीने कापून बरणीत भरली होती. वर झाकणही लावलं होतं.

"मी आहे, ताई."

"तू होय," थोरली म्हणाली. "मग हलली का नाहीस? तू हलतेस म्हणून कळतेस. समोर बघितलं की तुझं तोंड नसतं, नुसता धुरकट डाग असतो. कडेने पदर दिसतो, तो सारखा पळत असतो. तेव्हा मी म्हणते, आली धाकटी."

धाकटी खाली बसली. त्या दुपारी थोरलीने सगळं सांगितलं, फार न वाढवता, गाठोडं सोडावं तसं. दोन वर्षांपूर्वी बाजारात जाते म्हणून ती एकटीच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आली होती. आतला पडदा झिजला आहे, चष्म्याने किंवा ऑपरेशनने काही व्हायचं नाही, मधलं जात जाईल, कडेकडेचं राहील, असं ते म्हणाले. आहे ते जपा, म्हणाले. मग तिने रंग अजून ओळखू येत होते तोवरच बटणं बांधून घेतली. सुईत दोरा ओवायला बाजारात तारेची चकती मिळते, ती होतीच. टाका तर नखाच्या टोकाने कळतो, त्याला डोळा लागतोच कुठे? लेकीलाही सांगितलं नव्हतं. तिकडे दहा दिवस ती नातवंडांना गोष्टी सांगत खुर्चीत बसून राहिली, त्यामुळे कुणाला कळलं नाही.

धाकटी रडत होती आणि रडताना हुंदका बाहेर पडू नये याची काळजी घेत होती. आपल्याला सांगितलं का नाही, एवढंच तिने विचारलं. लेकीला नाही ते ठीक, लेक लांब असते. एका घरात, एका चुलीवर, चाळीस वर्षं.

"तुला सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस?" थोरली म्हणाली. "मला बसवलं असतंस. प्रेमानेच बसवलं असतंस. आणि माणसाला बसवलं की त्याचं काय होतं, ते मी गेले तीन महिने रोज बघतेय. दिसत नसलं तरी ऐकू येतं मला, तू किती वेळा गॅलरीत जातेस ते."

 सगळं पुन्हा होतं तसं करून देते, असं धाकटी म्हणाली. थोरलीने मान हलवली. पुन्हा कसं करणार? रंग आज तू सांगशील, पण उद्या नवं रीळ आलं आणि तू बाजारात नाहीतर लेकाकडे असलीस, तर मी कुणाच्या तोंडाकडे बघत बसू? एकदा मनाची तयारी केली आहे, ती मोडू नकोस. मास्तर येऊ देत. एवढं बोलून ती उठली आणि भिंतीला बोट लावत बाहेर गेली. पूर्वी ती भिंतीला बोट लावत नसे. खोलीतल्या वस्तू होत्या तिथेच असत तोवर तशी गरज नव्हती.

रविवारी धाकटी न्हाऊन मागच्या खोलीत गेली, दार उघडंच ठेवलं, जमिनीवर परात मांडली आणि बरणीतली बटणं तिच्यात ओतली. एवढा खणखणाट झाला की बाहेरच्या खोलीत नवऱ्याने वर्तमानपत्र खाली ठेवलं. मग तिने एक रीळ घेतलं, हाताला लागेल ते बटण घेतलं आणि बांधलं. दुसरं रीळ, दुसरं बटण. आपण करतोय ते चूक आहे हे तिला ठाऊक होतं. न कळता काही नोंदायचं हे तिच्या रक्तात नव्हतं. तरी ती बांधत राहिली.

आठ-दहा रिळं झाली असतील, तेव्हा दारात सावली पडली.

"काय चाललंय?"

"बांधतेय."

"कशाला कुठलं?"

"मला काय ठाऊक? बांधतेय आपली."

 थोरलीला राहवेना. आत येऊन ती खाली बसली, धाकटीच्या हातातलं रीळ ओढून घेतलं आणि टोक चाचपलं. हा रंग कुठला, असं विचारलं. काळा, असं धाकटीने सांगितलं.

"काळ्याला कॉलरचं बटण?" थोरलीचा आवाज चढला. चाळीस वर्षांत तो असा चढलेला धाकटीने ऐकला नव्हता. "अगं, काळ्याला कोटाचं असतं, मोठं, चार भोकांचं. कॉलरचं निळ्याचं. कचेरीत असंच करायचीस का तू?"

"नाही," धाकटी म्हणाली. "कचेरीत विचारून करायची."

थोरलीने परात आपल्याकडे ओढली. तिची बोटं बटणांत बुडाली आणि ती तिथे अशी फिरायला लागली की धाकटी बघतच राहिली. हे काळ्याचं. हे कडा असलेलं, तपकिरीचं. हूक लालचा, कारण लाल लागतो तो बहुतेक ब्लाउजला. काचेचा मणी पिवळ्याचा. गडद असेल तर दोऱ्याला दोन गाठी, फिका असेल तर एक. धाकटी रंग सांगे, थोरली बटण काढून देई, धाकटी गाठ मारी. वांगी रंगाला काय, असं तिने विचारलं. त्याला ती छोटी किल्ली होती, असं थोरली म्हणाली. धाकटीने खाली मान घालून सांगितलं की किल्ली भंगारवाल्याने नेली. मग वांग्याला तुझ्या जुन्या पर्सची कडी लाव, थोरली म्हणाली, तिचा आता काय उपयोग. दोघी हसल्या, आणि हसताना धाकटीला पुन्हा रडू आलं, डोळे तिने पदराला पुसले. पदर हललेला थोरलीला दिसला असणार; तिने पुढचं बटण काढून दिलं.

सकाळी अकराच्या सुमाराला टेलरमास्तर आले. धाकटीच उठून दारात गेली आणि मशीन द्यायचं नाही असं सांगितलं. बोलावून घेतलंत की, असं म्हणत मास्तर चौकटीतून आत डोकावले. परात, बटणं, रिळांचा ढीग आणि मध्ये बसलेली थोरली बघून ते चक्रावले. हे काय चाललंय?

"सूची करतोय," धाकटी म्हणाली. "माझ्या हातून फाटली होती."

मास्तरांना त्यातलं काही उमगलं नाही. माझ्या दुकानाचीही एकदा करून द्या की, असं ते हसत म्हणाले. धाकटीने त्यांना हात जोडून सांगितलं की मास्तर, तुमच्या दुकानात तुम्हाला सापडतंय ना, मग कुणाला हात लावू देऊ नका, मला तर मुळीच नाही. मास्तर डोकं खाजवत गेले. मग तिने नवऱ्याला हाक मारली आणि दोघांनी मिळून मशीन खिडकीपासून परत अंधाऱ्या कोपऱ्यात नेलं. घडीची खुर्ची बाहेर गेली. भिंतीवरचे खिळे तिने उपटून टाकले होते, ते पुन्हा ठोकले, थोरली बोट ठेवील तिथे. गाठोडी बांधायचं काम मोठं होतं, ते आठवडाभर पुरणार होतं. मोत्यासारख्या अक्षरातल्या चिठ्ठ्या डब्यांवर तशाच राहिल्या. त्या कुणालाच नडत नव्हत्या.

उन्हं कलली तेव्हा धाकटीला जाणवलं की ती सकाळपासून एका जागी मांडी घालून बसली आहे. पायाला मुंग्या आल्या होत्या. तिने पाय पसरले आणि डब्यात राहिलेली रिळं मोजली. बेचाळीस खिळ्यांवर गेली होती, तीन उरली होती. तिन्ही पांढरी.

"पांढऱ्याला काय बांधू?" तिने विचारलं.

"पांढऱ्याला काही नव्हतं," थोरली म्हणाली. "पांढरा अजून दिसतो मला."

धाकटीने ती तीन रिळं तशीच, मोकळी, खिळ्यांना लावली. मग ती परातीपाशी परत आली. बटणं बरणीत भरायची होती. भरता भरता तिने तीन बटणं निवडली आणि हळूच, आवाज न करता, मशीनच्या खणात एका कोपऱ्यात सारली. खण तिने अलगद लावला. थोरलीची पाठ तिच्याकडे होती. ती आठव्या गोधडीच्या कापडाचा थर नखाने दाबून सारखा करत होती.

"कोटाची घेऊ नकोस," मागे न वळता ती म्हणाली. "काळ्याशी घोटाळा होईल. शिंपल्याची घे, दोन भोकांची."